गुऱ्हाळघरातला इलेक्ट्रॉनिक संगीत महोत्सव: कामाच्या नोंदी

कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडं कुणी स्वतःच्या खिशातून असा महोत्सव करायला निघालं असेल, तर त्यांच्यासाठी या नोंदी ठेवल्या आहेत. रक्कम लहान आहे, चुका मात्र लहान नाहीत. आकडे आमच्या वहीतले आहेत, जसेच्या तसे.

१४ सप्टेंबर २०२४

पाच जण बसलो. प्रत्येकी २०,००० रुपये, म्हणजे एक लाखाची पुंजी. हे पैसे परत येतील असं कुणी धरायचं नाही, हे आधीच बोलून घेतलं. नंतर मैत्रीत वितुष्ट यायला नको.

कारण साधं आहे. आमच्याकडं सिंथ (विजेवर सूर काढणारं वाद्य), ड्रम मशीन (ठेका देणारं यंत्र) घेऊन खोलीत बसून संगीत करणारी पोरं-पोरी आहेत. सगळे हेडफोनवर ऐकतात. आपण केलेला बेस, म्हणजे खालचे घुमणारे स्वर, मोकळ्या हवेत, १८ इंची स्पीकरवर कसा लागतो, हे ऐकायला पुण्याला किंवा गोव्याला जावं लागतं. तिथं आमच्यातल्या एखाद्यालाच वाजवायला मिळतं, तेही मेहरबानी म्हणून.

आज दोन गोष्टी पक्क्या केल्या. वाजवणाऱ्या प्रत्येकाला सारखंच मानधन, ४,००० रुपये, आणि ते स्टेजवर चढायच्या आधी हातात. दुसरं, दारू नाही. त्यासाठी वेगळा परवाना, वेगळा बंदोबस्त आणि वेगळा माणूसवर्ग, तिन्ही आमच्या आवाक्याबाहेरचं.

२९ सप्टेंबर

दोन आठवडे जागा बघण्यात गेले. लग्नाची लॉन आधी बघितली, भाडं ऐकून परत आलो. शिवाय फेब्रुवारीत मुहूर्त असतात, म्हणजे शेजारच्या लॉनवर वरात आणि आमच्याकडं ॲम्बियंट (संथ, शांत संगीत), हे जमणारं नव्हतं. डोंगराकडेचं एक फार्महाऊस आवडलं, पण मालकाची दारू तिथंच घ्यायची अट होती.

आज पन्हाळा रस्त्याला, शहरापासून १४ किलोमीटरवर, बंद पडलेलं गुऱ्हाळघर बघितलं. तीन हंगाम झाले चूल पेटलेली नाही. पत्र्याचं मोठं शेड, उंच धुराडं, चुलवाणावर अजून काहिल (रस आटवायची मोठी कढई) आहे, आणि पुढं चिपाड, म्हणजे रस काढलेला ऊस, वाळवायचं पाऊण एकराचं मोकळं अंगण, पायाखाली कडक झालेलं. तिन्ही बाजूंनी उभा ऊस. मालक अण्णा म्हणाले, "गूळ निघायचा बंद झाला, तर गाणं तरी निघू द्या." मांडणीचा दिवस आणि आवराआवरीचा दिवस धरून तीन दिवसांचे १५,००० ठरले. तारीख ८ फेब्रुवारी, शनिवार.

१२ ऑक्टोबर, दसरा

अण्णांना ५,००० विसार दिला. करार ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर. त्यात तीन ओळी मुद्दाम घातल्या: अंगणातलं चिपाड मालक हलवतील, विहिरीच्या तोंडावर जाळी बसवतील, आणि क्रशरच्या जुन्या मोटारीची वीजजोडणी आम्ही वापरणार नाही.

२१ ऑक्टोबर

पोलीस ठाण्यात अर्ज घेऊन गेलो. विधानसभेची आचारसंहिता १५ तारखेलाच लागली होती, हे माहीत असूनही गेलो. "निकाल लागू द्या, मग या." अर्धा दिवस गेला. निवडणुकीच्या वर्षात काही करणार असाल, तर परवानग्यांचं वेळापत्रक आचारसंहिता संपल्यावरच सुरू होतं असं धरा.

२६ नोव्हेंबर

पुन्हा गेलो. अर्जात 'इलेक्ट्रॉनिक म्युझिक फेस्टिव्हल' लिहिलं होतं. साहेबांनी वाचलं आणि पहिला प्रश्न, "डॉल्बी का?" दुसरा प्रश्न, "रेव्ह पार्टी तर नव्हं?"

त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. आमच्या भागात मोठा स्पीकर म्हटलं की डॉल्बीची भिंत, आणि त्या भिंतीपायी गणपतीत काय काय होतं ते सगळ्यांनी बघितलंय. इलेक्ट्रॉनिक म्हटलं की बातम्यांतली पार्टी. आमचं संगीत यातलं काही नाही, हे कागदावर दिसायला हवं होतं, आणि माझ्या अर्जात ते कुठंच दिसत नव्हतं.

अर्ज नव्याने लिहिला. 'इलेक्ट्रॉनिक वाद्यांचा संगीत महोत्सव, वेळ सकाळी ११ ते रात्री ९:३०, मद्यविक्री नाही, बाहेरून मद्य आणल्यास प्रवेश नाही.' सोबत वाजवणाऱ्यांची यादी, जागेचा हातानं काढलेला नकाशा (दोन वाटा, अग्निशामक नळकांडी कुठं, रुग्णवाहिका कुठं उभी राहणार), स्पीकरची संख्या आणि तोंड कोणत्या दिशेला ते. आठ दिवसांनी बोलावणं आलं. या वेळी चर्चा गाडीतळाची आणि बंदोबस्ताची झाली, म्हणजे काम मार्गाला लागलं.

रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, हा नियम २००० सालापासून आहे. एके काळी रात्रभर रंगणारा सवाई गंधर्व महोत्सवसुद्धा त्यापायी दिवसात आला. आमच्यातल्या एकाला रात्रीशिवाय या संगीताला मजा नाही असं वाटत होतं. त्याच्याशी दोन तास वाद घातला. दिवसाउजेडी चांगलं लागत नसेल, तर ते संगीत अंधारावर जगतंय, असं मी म्हणालो. मी अजून त्याच मताचा आहे.

८ डिसेंबर

कोण वाजवणार, हे ठरवताना पैशानंच निर्णय घेतला. दुसऱ्यांच्या रेकॉर्ड लावणारा डीजे सेट ठेवला, की त्या रेकॉर्डिंगचे आणि रचनांचे परवाने घ्यावे लागतात. एका दिवसासाठी तो खर्च झेपणारा नव्हता. म्हणून फक्त लाइव्ह सेट आणि स्वतःची रचना. प्रत्येकाकडून तसं लिहून घेतलं.

इथं एक खाच आहे. कलाकारानं आपले सादरीकरणाचे हक्क एखाद्या हक्कसंस्थेकडं दिलेले असतील, तर त्याचीच रचना तो वाजवत असला तरी परवान्याचा प्रश्न उरतो. म्हणून 'तुम्ही कोणत्या संस्थेचे सभासद आहात का' हे आधी विचारा. आमच्या यादीतले दोघे निघाले. त्यांनी त्या दिवसासाठी नवीन रचना केल्या. पण सभासदत्वाच्या करारात पुढच्या रचनाही येतात का, हे आधी वाचून बघा.

अकरा जण ठरले. कोल्हापूर, सांगली, पुणे, बेळगाव आणि पणजी.

२२ डिसेंबर

हा दिवस सगळ्यात कामाचा ठरला. साऊंडवाले दादा दोन बेस (खालच्या स्वरांचे स्पीकर), दोन टॉप (वरच्या स्वरांचे) आणि लहान जनरेटर घेऊन आले. चाचणीचे ४,००० रुपये. मित्र म्हणत होते, हे पैसे वाचवू. वाचवले असते तर ८ फेब्रुवारीला संध्याकाळीच सगळं बंद पडलं असतं.

दुपारी तीनला लावलं. गाव स्टेजच्या पाठीमागं, सुमारे ७०० मीटरवर. मी गावाच्या वेशीवर फोन घेऊन उभा, एक जण मिक्सरवर. काहीच ऐकू येईना. आम्ही खूश होऊन चहा घ्यायला बसलो. साऊंडवाले दादा म्हणाले, "आत्ता जाऊ नका, आठला परत लावू."

रात्री साडेआठला तोच ट्रॅक, तोच आवाज. वेशीवर बेस स्पष्ट लागत होता. मोबाइलवरचं डेसिबल ॲप ५२ दाखवत होतं, म्हणजे रहिवासी भागाच्या दिवसाच्या ५५ च्या मर्यादेत. पण शेजारच्या गोठ्याच्या पत्र्याच्या दाराला हात लावला, तर दार थरथरत होतं. आत म्हैस उभी राहिली होती.

दोन गोष्टी एकाच वेळी घडत होत्या. थंडीत सूर्य मावळला की जमीन निवते, तिला लागून गार हवा आणि वर उबदार हवा राहते. दिवसा आवाज वर वळून निघून जातो, रात्री तोच खाली वळून लांब पोचतो. दुसरं, ॲप कानाच्या अंदाजानं मोजत होतं. त्या पद्धतीत खालचे स्वर जवळजवळ वगळले जातात. सेटिंग 'ए' वरून 'सी' वर केलं आणि आकडा एकदम वर गेला. मोबाइलचा माइक खालच्या स्वरांना विश्वासाचा नाही, तरी फरक कळायला पुरला.

उपाय दादांनीच सुचवला. तीन बेसची थप्पी, त्यातली दोन खोकी प्रेक्षकांकडं, एक तोंड फिरवून मागं. मागच्या खोक्याची पोलॅरिटी (वायरीची अधिक-उणे बाजू) उलटी आणि त्याला थोडा डिले, म्हणजे आवाज किंचित उशिरा. मग थप्पीमागं जाणारा बेस एकमेकाला खातो. डिले किती, हे खोक्याच्या खोलीवर ठरतं. आमच्याकडच्या खोक्यांना सुमारे ४ मिलिसेकंद लागले. पुढच्या बाजूचा थोडा जोर कमी होतो, तो सोसायचा. म्हणजे महोत्सवाला चार नाही, सहा बेस लागणार. भाडं वाढून चाचणीसकट ४८,००० वर गेलं.

१० जानेवारी २०२५

तिकीट २९९, नंतर ४९९. संगीताच्या कार्यक्रमाचं तिकीट ५०० पर्यंत असेल तर जीएसटी लागत नाही, म्हणून मुद्दाम ४९९. महिन्याभरात विक्री: ४१.

इतके दिवस आम्ही पोस्टर टाकत होतो, आणि लोकांना कळतच नव्हतं की हे नक्की काय आहे. शेवटी मित्राच्या कॉफीच्या दुकानात दोन रविवार दोन-दोन जणांना वाजवायला बसवलं. साधे दोन स्पीकर, प्रवेश फुकट. लोक जवळ येऊन विचारायला लागले, हे बटण काय करतं, हा आवाज कुठून आला. एका मुलीनं तिथंच कॉर्ग वोल्का हे छोटं इलेक्ट्रॉनिक वाद्य हातात घेऊन पहिला ठेका बसवला आणि सहा तिकिटं काढली. पुढच्या दहा दिवसांत १०० च्या वर विक्री झाली.

१९ जानेवारी

ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला डिसेंबरातच मिळाला होता. तरी आज देवळात गावकऱ्यांसमोर बसलो. सरपंच, पोलीस पाटील आणि पन्नासेक माणसं. मी आवाजाचं, वेळेचं सांगितलं. मागून एक काकी उठल्या. "समदं खरं हाय भाऊ. पर माझ्या पोरीची बारावी हाय, अकरा तारखेपास्नं. आठ तारखेला ती काय कानात बोळं घालून बसू?"

मी गप्प झालो. बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू होतीय, हे पाच जणांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. सप्टेंबरात तारीख धरताना मुहूर्त, ऊस, पाऊस सगळं बघितलं. पोरांची परीक्षा बघितली नाही. गावात बारावीची तेवीस मुलं आहेत.

तारीख हलवणं शक्य नव्हतं. साऊंड, जनरेटर, अण्णा सगळ्यांना विसार गेलेला, लोकांनी गाड्यांची तिकिटं काढलेली. तिथंच बसून वेळ बदलली. सकाळी ११ ऐवजी ११:३०. संध्याकाळी ६:३० नंतर सगळे बेस बंद, म्हणजे जनरेटरच्या बोर्डवरून त्यांची वायरच काढायची. त्यानंतर ९ पर्यंत फक्त ॲम्बियंट, शेडच्या आत, लहान टॉपवर. सरपंचांना एका वहीत लिहून सही करून दिलं. त्यात माझा आणि साऊंडवाले दादांचा नंबर, आणि एक वाक्य: 'फोन आला की पाच मिनिटांत आवाज कमी करू.'

चार कलाकारांना संध्याकाळचे सेट बेसशिवाय बदलून करायला सांगावं लागलं. एक नाराज झाला आणि त्यानं तसं सांगितलं. बाकीच्या तिघांनी लगेच कामाला हात घातला. २२ डिसेंबरला रात्री जे ऐकलं होतं, त्याचंही उत्तर याच वेळेत मिळालं. सूर्य मावळला की बेस उतरवायचा.

३० जानेवारी

सकाळी अण्णांचा फोन. पश्चिमेच्या अडीच एकराला तोड आली. टोळी पहाटेच आली होती. मी पोचलो तोवर निम्मा फड मोकळा झाला होता.

नकाशा काढताना तो ऊस भिंत समजून मोजला होता. ऊस बेस अडवत नाही, पण वरचे स्वर, माणसांचा गलका आणि दिवे तो झाकत होता. आता स्टेजवरून थेट वस्तीतली घरं दिसत होती. दोन्ही बाजूंचे टॉप आत वळवायचे आणि खाली झुकवायचे ठरवलं.

मोकळ्या फडात गाड्या लावू, असं एकानं सुचवलं. मी आधी हो म्हणालो. अण्णांनी वाकून मूठभर पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, उचललं, माझ्या हातात चुरलं, आणि म्हणाले, "यावर तापली गाडी उभी केली, तर काडी वढायची बी गरज न्हाई." गाडीतळ रस्त्यापलीकडच्या नांगरटीत गेला. शेतकरी दादा पाचट पेटवणार होते. महोत्सव होईपर्यंत थांबायला ते तयार झाले. अंगणाच्या कडेनं दहा फुटांचा पट्टा आम्ही झाडून काढला आणि आदल्या दिवशी पाण्यानं भिजवला.

२ फेब्रुवारी

शेडमध्ये आवाज लावला, तर पत्रा गाण्यापेक्षा जास्त बोलायला लागला. साधारण ८० हर्ट्झला छताची एक बाजू सलग खडखडायची. शिडी लावून बघितलं, तर हुकांचे वायसर सडून गेले होते. जुनी ट्यूब कापून नवे केले, दोघांचा पूर्ण दिवस. खडखड पुष्कळ कमी झाली.

घुमारा राहिला. टाळी वाजवली की दोन-तीन वेळा परत यायची. फोम महाग. बचत गटातल्या काकी जेवणाचं ठरवायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "वाकळा टांगा की." घराघरातून बावीस वाकळा जमवून दिल्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यावर चिठ्ठी शिवली, कुणाची कुठली ते. भिंतीपासून वीतभर अंतर सोडून दोरीवर टांगल्या, दिव्यांपासून सहा फूट लांब, आणि शेडमध्ये फक्त एलईडी. टाळी परत यायची थांबली. जुन्या लुगड्यांचे तुकडे, एकावर एक पाच-सहा थर, हाताच्या बारीक टाक्यांनी शिवलेले. एवढं चांगलं काम करणारी दुसरी वस्तू मला या किमतीत कुठंही सापडली नसती.

७ फेब्रुवारी

मांडणी. दुपारपर्यंत सगळं सुरळीत. २५ केव्हीएचा सायलेंट जनरेटर आला, थ्री फेज. जमिनीत कोळसा-मीठ घालून अर्थिंगची सळई ठोकली, पाणी सोडलं.

संध्याकाळी पावणेसात. स्टेजवरचे पार दिवे एकाएकी लख्ख झाले. शेडमधले मंद. मला वाटलं कुणीतरी डिमर हलवतंय. चारेक सेकंदांत जळक्या बेकेलाइटचा वास आला. दादा ओरडले, "मेन पाडा!"

वितरण बोर्डवर न्यूट्रलचा लग (वायरच्या टोकाची धातूची पट्टी) ढिला राहिला होता. न्यूट्रल सुटला, की तीन फेजवरचा भार सारखा नसल्यामुळं एका फेजवर व्होल्टेज चढतं आणि दुसरीवर पडतं. बोर्डपुढचा सगळा भार काढून, एक-एक बल्ब लावून मोजलं, तर एका लाइनवर २९० आणि दुसरीवर १७० च्या आसपास. एक ॲम्प्लिफायर, चार पार आणि एका कलाकाराचा लॅपटॉपचा चार्जर गेला. दुरुस्तीचे आमच्या वाट्याचे ९,५०० झाले. बाकी दादांनी सोसले. त्यांची चूक नव्हती, तरी सोसले.

चूक माझी. माझ्याकडं ६०० रुपयांचा मल्टिमीटर होता, तो गाडीच्या डिकीत पडून होता. जनरेटरवाल्याच्या माणसानं "सगळं ओके" म्हटलं आणि मी पुढं गेलो. आता हा क्रम भिंतीवर लिहून ठेवलाय: उपकरण एकही न लावता प्रत्येक फेज ते न्यूट्रल मोजायचं, २३० च्या आसपास हवं. फेज ते फेज ४०० ते ४१५. मग प्रत्येक फेजवर कमी-जास्त संख्येनं १०० वॉटचे बल्ब लावून पुन्हा मोजायचं, कारण ढिला न्यूट्रल रिकाम्या लाइनवर कळत नाही. लग स्वतःच्या हातानं हलवून बघायचा, अर्थात मेन बंद असताना. त्यानंतरच ॲम्प्लिफायर.

रात्री दहाला दुसरा ॲम्प आला. मग नवीनच, भुंग्यासारखी हम. लॅपटॉप एका फेजवरच्या बोर्डवर, मिक्सर दुसऱ्या. स्टेजवरचं सगळं एकाच फेजच्या एकाच बोर्डवर आणलं, लॅपटॉप आणि मिक्सरच्या मधे डीआय बॉक्स (सिग्नल जुळवून देणारी डबी) घातला आणि त्यावरचा ग्राउंड लिफ्ट दाबला. हम गेली. एकानं चार्जरची अर्थ पिन तोडायचा सल्ला दिला होता. हम त्यानंही जाते, पण माणसाच्या अंगावर येणारा करंट अडवायला मग काही उरत नाही.

८ फेब्रुवारी

सकाळी १०:१०. शहरातून निघालेल्या दोन मिनी बस अडकल्या. मोरीवर उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरचा टायर फुटला होता, रस्ता पूर्ण बंद. गाळपाचा हंगाम चालू असताना या रस्त्यावर बस वेळेत येईल असं धरणंच चूक. एक तास वीस मिनिटं गेली. पहिली कलाकार बसमध्येच होती. बेळगावचा मुलगा आदल्या रात्रीच आला होता, तो म्हणाला, मी चढतो. समोर चाळीस माणसं होती. त्यानं मन लावून वाजवलं.

दुपारी दोनला उन्हाचा तडाखा. मांडव फक्त स्टेजवर होता, प्रेक्षकांवर नाही. लोक धुराड्याच्या सावलीत रांगेनं बसले आणि सावली सरकेल तसे सरकत गेले. पाण्याचे ३० जार सांगितले होते. गावातल्यांना प्रवेश फुकट ठेवला होता आणि पाण्याच्या हिशेबात मात्र त्यांना धरलं नव्हतं. साठेक जण आले. चारला जार संपले. गावातल्या फिल्टर प्लँटवरून आणखी १५ आणले, पण मधली वीस मिनिटं लोक तहानलेले राहिले. त्याची मला आज खंत आहे.

तिकिटं एकूण २८८ गेली. बचत गटाची पिठलं-भाकरी आणि खर्डा दीडलाच संपला. त्यांनी पुन्हा चूल मांडली. त्यांच्याकडून जागेचे पैसे घेतले नाहीत.

साडेचारचा सेट सांगलीच्या मुलाचा. त्यानं आदल्या दिवशी काहिलीच्या काठाला चिकटमाइक लावून ठेवला होता. गावातले एक म्हातारबाबा, जन्मभर गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, म्हणून काम केलेले, त्यांना त्यानं काहिलीपाशी बोलावलं. बाबांनी आधी नाही म्हटलं, मग फावडं हातात घेतलं आणि काठावर एकदा मारलं. तो टोला सहा बेसमधून आला. बाबांनी मान वर करून धुराड्याकडं बघितलं, पुन्हा मारलं, आता जरा हळू, कडेला. मुलानं ते घेऊन त्याचा ठेका बांधला आणि खाली हलगीचं घुमकं सोडलं. बाबा दहा मिनिटं वाजवत राहिले. कुठं कसा आवाज येतो हे त्यांना माहीत होतं. पाक कुठवर आला, हे ते त्या आवाजावरूनही ओळखायचे, असं त्यांनी नंतर सांगितलं. अंगणातलं कुणी नाचत नव्हतं, सगळे पुढं सरकून ऐकत होते.

साडेसहाला मी स्वतः बेसच्या वायरी काढल्या. सात वाजून पाच मिनिटांनी सरपंचांचा फोन. पोटात गोळा आला. "आवाज येत न्हाई ते सांगायला केला," ते म्हणाले. "चालू हाय न्हवं?"

शेडमधला शेवटचा दीड तास माझ्या दृष्टीनं सगळ्यात चांगला झाला. वाकळांच्या मधे शंभरेक माणसं खाली बसलेली, काही आडवी. जो कलाकार वेळ बदलल्यामुळं नाराज होता, त्याचाच सेट शेवटचा होता. ९ ला बंद केलं.

९ फेब्रुवारी

आवराआवरीला आम्ही पाच आणि थांबलेले चौदा जण. फिरती शौचालयं सहा आणली होती, चार बायकांना, दोन पुरुषांना, ही विभागणी बरोबर ठरली. जागा चुकली. सक्शनची गाडी अण्णांच्या फाटकातून आत येईना, पाइप जोडत-जोडत न्यावा लागला. आणि त्या वाटेवर रात्री दिवा नव्हता. बायका मोबाइलच्या उजेडात गेल्या. हे मी आधी अंधारात चालून बघायला हवं होतं.

२३ फेब्रुवारी

हिशेब. जागा १५,०००. साऊंड ४८,०००. जनरेटर भाडं १४,००० आणि दोन दिवसांचं ९० लिटर डिझेल ८,१९०. जळालेल्या सामानाचे ९,५००. दिवे ८,०००. शौचालयं आणि सफाई १६,७००. पाणी ४,८००. अकरा जणांचं मानधन ४४,०००, त्यांचा प्रवास १२,३००. वाटेवरची माणसं ६,०००, रुग्णवाहिका ५,०००. मिनी बस १३,०००. कागदपत्रं आणि अग्निशामक नळकांडी ४,६००. छपाई आणि मनगटपट्ट्या ५,९००. एकूण २,१४,९९०.

जमा: २९९ ची ९० तिकिटं, ४९९ ची १९८, मिळून १,२५,७१२. कॉफीच्या स्टॉलचे ३,०००. तूट ८६,२७८. पुंजीतून १३,७२२ उरले, प्रत्येकाला २,७४४ परत. म्हणजे प्रत्येकाचे सव्वासतरा हजार गेले. मानधन दिलंच नसतं तर तूट निम्म्यावर आली असती. पण ते कमीही करायचं नाही, यावर पाचही जण ठाम आहेत. पुढच्या वेळी दिवे आणि छपाई निम्मी, आणि चाळीस फुटी मांडव प्रेक्षकांवर.

आज वाकळा धुऊन, वाळवून परत केल्या. एकवीसच भरल्या. बाविसावी त्या बारावीच्या मुलीच्या घरची. दोन तास शोधली. ती साऊंडवाले दादांच्या टेम्पोत ॲम्प्लिफायरला गुंडाळलेली सापडली. मी ती पोचवायला गेलो, तेव्हा मुलगी ओट्यावर गणिताचं पुस्तक घेऊन बसली होती. काकींनी वाकळ उलगडली, चिठ्ठी काढून टाकली, आणि विचारलं, "फुडल्या साली कवा हाय?" मी अजून ठरलं नाही म्हणालो. "मग जानेवारीत धरा," मुलगी पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली. "धाकट्याची दहावी हाय."